टिल्ट-शिफ्ट लेन्स घ्यावी, की क्रॉप आणि सॉफ्टवेअरवर भागवावं?

इमारतींचे किंवा घरांच्या अंतर्भागाचे फोटो काढणारी मंडळी कधी ना कधी या प्रश्नापाशी येतातच. नवी घ्यायची तर किंमत लाखाच्या पुढे, ऑटोफोकस नाही, झूम नाही, आणि वापरायला शिकावं लागतं ते वेगळंच. असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: तुम्हाला टिल्ट हवाय की शिफ्ट? एकाच नळीत बसवलेल्या या दोन निरनिराळ्या सोयी आहेत: शिफ्ट म्हणजे लेन्स वर-खाली किंवा बाजूला सरकवणं, टिल्ट म्हणजे ती कलती करणं. शिफ्ट एका दुपारी कळते आणि तिला स्वस्त पर्याय आहेत. टिल्ट हातात बसायला महिने लागतात, आणि काही ठिकाणी त्याला पर्यायच नाही. बहुतेकांना हवी असते नुसती शिफ्ट, आणि पैसे मात्र दोन्हींचे मोजले जातात.

हे आजचंच नाही. निकॉनची ३५ मि.मी. पीसी (पर्स्पेक्टिव्ह कंट्रोल) लेन्स साठच्या दशकाच्या सुरुवातीला आली तेव्हा तिच्यात फक्त शिफ्ट होती. ३५ मि.मी. एसएलआरसाठी दोन्ही एकत्र देणारी कॅननची लेन्स आली १९७३ साली. मधली दहाएक वर्षं इमारतींवाल्यांनी नुसत्या शिफ्टवर काढली.

शिफ्टला पर्याय काय?

कॅमेरा वर वळवला की इमारतीच्या उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात, इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. कॅमेरा पातळीत ठेवला तर रेषा सरळ राहतात, पण खालची अर्धी फ्रेम डांबराने भरते आणि कळस कापला जातो. शिफ्टमध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, फक्त लेन्स वर सरकते. हे जमतं कारण या लेन्सचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे ती आत जी गोल प्रतिमा टाकते ते, मोठं असतं. साध्या फुल-फ्रेम (३६ बाय २४ मि.मी. सेन्सरच्या) लेन्सला साधारण ४३ मि.मी. व्यासाचं वर्तुळ पुरतं. कॅननच्या २४ मि.मी. टीएस-ई या टिल्ट-शिफ्ट लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचं ६७.२ मि.मी. आहे. १२ मि.मी. सरकवूनही सेन्सरचे कोपरे आतच राहतात.

मुंबईतला राजाबाई टॉवर घ्या. उंची ८५ मीटर. कॅमेरा उभा धरून, पातळीत ठेवून, २४ मि.मी. लेन्सने टोकापर्यंत घ्यायचा तर साधारण ११० मीटर मागे जावं लागेल. त्याच लेन्सला १२ मि.मी. शिफ्ट दिली की ६७ मीटर पुरतात. १७ मि.मी. टीएस-ई असेल तर ४७. समोर ओव्हल मैदान आहे, मागे सरकायला जागाच जागा, त्यामुळे तिथे शिफ्टवाचून फारसं अडत नाही. मध्ये येणाऱ्या झाडांची काय ती अडचण. खरी गरज पडते ती फोर्टच्या आतल्या गल्ल्यांत. समोरच्या भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी वीस मीटर मिळण्याची मारामार.

आता दुकानदार सांगणार नाही ती गोष्ट. तुमच्याकडे १४ मि.मी.ची वाइड लेन्स असेल, तर कॅमेरा उभा आणि पातळीत धरा, फोटो काढा आणि नको असलेला भाग घरी येऊन कापून टाका. २४ मि.मी.ला पूर्ण शिफ्ट देऊन जे चित्र येतं तेच मिळतं. तेच म्हणजे अक्षरशः तेच, कारण पर्स्पेक्टिव्ह तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, लेन्सवर नाही. किंमत मोजावी लागते ती पिक्सेलमध्ये. ४५ मेगापिक्सेलच्या फाइलमधून हाती उरतात १५ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात जेमतेम ८. ए३ आकाराची ३०० डीपीआयची प्रिंट काढायला साडेसतरा लागतात. म्हणजे मोठ्या सेन्सरवाल्याचं ए३पर्यंत जवळपास भागतं, २४वाल्याचं वेबसाइटपुरतं.

तिसरा मार्ग सॉफ्टवेअरचा. कॅमेरा वर करून फोटो काढायचा आणि रेषा नंतर सरळ करायच्या. लाइटरूममध्ये रेषा आपोआप सरळ करण्याची सोय २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीपासून आहे, आणि नंतरच्या आवृत्त्यांत भिंतीवर दोन रेषा आखून दिल्या की ते काम चोख करतं. पण तीन गोष्टी खटकतात. वरचा भाग ताणला जातो, म्हणजे नेमकं जिथे नक्षीकाम असतं तिथलाच तपशील विरतो. इमारतीचं उंची-रुंदीचं प्रमाण बिघडतं, ते ॲस्पेक्टच्या स्लायडरने डोळ्यांच्या अंदाजाने सुधारावं लागतं. वास्तुविशारद ग्राहक असेल तर त्याला आपली इमारत बुटकी झालेली लगेच कळते. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण: फ्रेम तुम्हाला जागेवर दिसत नाही. दोन्ही बाजूंचे वरचे कोपरे कापले जाणार हे धरून मोकळी जागा सोडावी लागते, आणि किती सोडायची हा अंदाजाचा मामला.

लेन्स इथे जिंकते. पडद्यावर जे दिसतं ते अंतिम असतं, ग्राहक शेजारी उभा राहून हो-नाही सांगू शकतो. बाथरूमचं चित्र डोळ्यांपुढे आणा. आरसा अगदी समोरून हवाय, पण त्यात ट्रायपॉड दिसायला नको. कॅमेरा भिंतीला समांतर ठेवून आरशाच्या कडेपलीकडे, टाइल्ससमोर उभा करायचा आणि लेन्स बाजूला सरकवून आरसा फ्रेमच्या मध्यावर आणायचा. २४ मि.मी. लेन्सने, भिंतीपासून दीड मीटरवर, पाऊण मीटरपर्यंत बाजूला होता येतं. क्रॉपनेही हे होतं म्हणा, पण सरकवताना कॅमेऱ्याचं प्रतिबिंब कडेबाहेर गेलं की नाही ते तिथल्या तिथे दिसणं यात निम्मी डोकेदुखी वाचते.

शिवाय पिक्सेल कमी होण्याऐवजी वाढतात. कॅमेरा न हलवता लेन्स डावीकडे १२, मध्ये, उजवीकडे १२ असे तीन फोटो जोडले की ६० बाय २४ मि.मी.चा सेन्सर असल्यासारखं चित्र तयार होतं. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून ७५. फक्त जवळच्या वस्तू असतील तर लेन्सऐवजी कॅमेरा सरकेल अशी तजवीज करावी लागते, नाहीतर जोड दिसतो.

टिल्ट: इथे घाई नको

टिल्टमागचं तत्त्व शाइमफ्लुगच्या नावाने ओळखलं जातं. थिओडोर शाइमफ्लुग हा ऑस्ट्रियाच्या सैन्यातला अधिकारी; हवेतून घेतलेल्या फोटोंमधली विकृती काढण्यासाठी त्याने १९०४ साली पेटंट घेतलं, आणि फ्रान्सच्या कार्पेंतिएचं आधीचं काम त्याने मोकळेपणाने मान्य केलं. तत्त्व असं: लेन्स कलली की फोकसचं प्रतलही, म्हणजे ज्या पातळीतलं सगळं स्पष्ट दिसतं ती पातळीही, कलतं.

शिकताना शाइमफ्लुगच्या आकृतीपेक्षा बिजागरीचा नियम कामाला येतो. लेन्सच्या बरोबर खाली एक बिजागरी आहे आणि फोकसचं प्रतल तिला दारासारखं जोडलंय असं समजा. टिल्ट बदलला की बिजागरी वर-खाली सरकते. फोकस रिंग फिरवली की दार तिच्याभोवती फिरतं. साध्या लेन्सवर फोकस रिंग म्हणजे अंतर. इथे ती कोन बदलते. ही एक गोष्ट डोक्यात बसली की पुढचं सोपं जातं, आणि ती बसत नाही म्हणूनच बरेच जण लेन्स विकून टाकतात.

आकडा पाहा. २४ मि.मी. लेन्स, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर उंच, आणि जमीन पायाशी ते क्षितिजापर्यंत स्पष्ट हवी. किती टिल्ट लागेल? २४ भागिले १५००, त्याचा व्यस्त साइन: ०.९ अंश. एक अंशही नाही! नॉब शेवटपर्यंत, साडेआठ अंशांवर नेला तर बिजागरी लेन्सखाली जेमतेम १६ सें.मी.वर येते आणि फोकसचं प्रतल जमीन सोडून हवेतच तरंगतं. नवा माणूस नेमकं हेच करतो, आणि मग लेन्सला दोष देतो.

पद्धत अशी: टिल्ट शून्यावरून सुरू करून हिशेबाने आलेला कोन लावा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून फोकस रिंगने लांबचं साधा, टिल्टने जवळचं, मग पुन्हा लांबचं. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. हे उन्हात, ट्रायपॉडवर वाकून करायचं असतं, त्यामुळे पडद्यावर धरायला काळं फडकं बरोबर ठेवा.

याच्यासमोर पर्याय म्हणजे फोकस स्टॅकिंग. आजकालचे बरेच मिररलेस कॅमेरे फोकस थोडा थोडा सरकवत आपणहून मालिका काढतात, ती सॉफ्टवेअरमध्ये जोडायची. दागिने, घड्याळ, पुतळा अशा न हलणाऱ्या वस्तूंसाठी मी स्टॅकिंगलाच पसंती देईन. उभ्या वस्तूंच्या बाबतीत तर ते उजवंच ठरतं, कारण टिल्टमधला स्पष्ट भाग पाचरीच्या आकाराचा असतो: कॅमेऱ्याजवळ निमुळता, लांब जाईल तसा रुंद. टेबलाचा पृष्ठभाग टोकापासून टोकापर्यंत साधाल, पण त्याच टेबलावर जवळ ठेवलेल्या उंच समईचा वरचा भाग धूसर होईल.

पण कासच्या पठारावर सप्टेंबरात जा. फुलं गुडघ्याखाली, कॅमेरा फुलांच्या पातळीच्या ४० सें.मी. वर, आणि वारा काही केल्या थांबत नाही. स्टॅकिंगचं प्रत्येक फूल दर फोटोत वेगळ्या जागी, जोडल्यावर भुतं दिसतात. तिथे ३.४ अंश टिल्ट आणि एफ/८ घेऊन एका क्लिकमध्ये पायापासून पठाराच्या कडेपर्यंत सगळं मिळतं. वाफाळत्या जेवणाचंही तसंच. वाफ स्टॅकिंगसाठी थांबत नाही. त्यासाठी मात्र २४ नव्हे, ९० मि.मी. लागते. ताटाच्या पृष्ठभागापासून ६० सें.मी. अंतरावर साडेआठ अंशांच्या आसपास टिल्ट लागतो, आणि कॅननच्या २०१७ सालच्या ९० मि.मी. मॅक्रोला तो दहापर्यंत जातो.

शहर खेळण्यासारखं दिसण्याची गंमत हवी म्हणून कुणी ही लेन्स घेत असेल तर घेऊ नका. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तो परिणाम पुरेसा बरा येतो आणि हौस दोन आठवड्यांत फिटते.

कोणती?

कॅनन २४ मि.मी. टीएस-ई दुसरी आवृत्ती, २००९ सालची. माझं मत सरळ आहे: इमारतींसाठी एकच घ्यायची तर हीच, आणि वापरलेली. टिल्ट आणि शिफ्टची दिशा एकमेकांच्या संदर्भात जागेवरच फिरवता येते. हे वाचताना किरकोळ वाटतं, पण पठारावर किंवा अंगणात शिफ्ट वर आणि टिल्ट खाली अशी एकाच रेषेत लागतात. निकॉनच्या पीसी-ई २४मध्ये दोन्ही एकमेकांना काटकोनात बसवून येतात. बदलायचं तर सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. निकॉनवाल्यांसाठी १९ मि.मी. पीसी ही त्यातली सुटका, पण किंमत आणि ८८५ ग्रॅम वजन दोन्ही सोसायला हवं. कॅननची लेन्स ॲडॉप्टरवर सोनीलाही चालते.

सॅमयांगची २४ मि.मी. कागदावर कॅननइतकीच: १२ मि.मी. शिफ्ट, साडेआठ अंश टिल्ट, किंमत निम्म्याहून कमी. शिकायला चालेल. पूर्ण शिफ्टला कोपरे मऊ पडतात, नॉब बारीक आहेत, ॲपर्चर हाताने, आणि फाइलमध्ये लेन्सची नोंद होत नाही. धंद्यासाठी मी घेणार नाही.

टिल्ट नकोच, हे ज्याचं ठरलंय त्याने लाओवाची १५ मि.मी. शिफ्ट पाहावी. ११ मि.मी. शिफ्ट, टिल्ट नाही, वजन ६०० ग्रॅमच्या आत. मुंबई-पुण्यातल्या छोट्या फ्लॅटचे फोटो काढणाऱ्याला २४ बऱ्याचदा अरुंद पडते; तिथे ही किंवा कॅननची १७. दोन्हींचं पुढचं भिंग फुगीर असल्यामुळे साधा फिल्टर बसत नाही, एवढं लक्षात असू द्या.

एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा असेल तर हिशेब बदलतो. २४ची लेन्स तिथे ३६सारखी वागते. पण सेन्सरचा कर्ण फक्त २८ मि.मी. असल्यामुळे जुनी फुल-फ्रेम मॅन्युअल लेन्स शिफ्ट ॲडॉप्टरवर लावून हात बसवता येतो. तपासायला आणि सवय लावायला याहून स्वस्त वाट मला माहीत नाही.

विकत घेण्याआधी भाड्याने आणाच. मुंबई-पुण्यात या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. पहिल्या दिवशी नुसती शिफ्ट वापरा आणि शेजारीच तोच फोटो वाइड लेन्सने, क्रॉपसाठी काढून ठेवा. रात्री दोन्ही फाइल तुम्ही देता त्या आकारात शेजारी ठेवून पाहा. फरक शोधावा लागत असेल तर पैसे चांगल्या ट्रायपॉड हेडवर घाला. बारीक पातळी साधणारं गिअर्ड हेड तिन्ही मार्गांनी कामाला येतं.

वापरलेली घेताना विटांच्या भिंतीसमोर चारही दिशांना पूर्ण शिफ्ट देऊन एकेक फोटो काढा. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स आतून सरकलेली आहे, सौदा सोडा. मग कॅमेरा पातळीत ठेवून लेन्स पूर्ण वर सरकवा, शिफ्टचं लॉक घट्ट करा आणि मिनिटभर थांबा. आपल्या वजनाने ती खाली घसरत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वळता करून मागा. शून्याच्या खुणेवर टिल्ट टक्कन बसतोय ना, तेही पाहा. नाहीतर साध्या फोटोंनाही नकळत अर्ध्या अंशाचा टिल्ट लागत राहील.