एनएचएल ड्राफ्टचं परीक्षण : वरच्या क्रमांकावर किती भिस्त ठेवावी?

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, वरच्या क्रमांकाला मिळणारा भाव रास्त आहे, पण पहिल्या दोन-तीन नावांपुरताच. पहिल्या आणि पाचव्या निवडीत जेवढी दरी असते, तेवढी दहाव्या आणि विसाव्या निवडीत नसते. तरीही चाहते लॉटरीच्या, म्हणजे निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीच्या, रात्रीच पुढच्या दशकाचा संघ ठरवून मोकळे होतात.

पहिल्या क्रमांकाचा लौकिक २००५चा क्रॉस्बी आणि २०१५चा मॅकडेव्हिड यांच्यावर उभा आहे. दोघांचीही नावं ड्राफ्टच्या कितीतरी आधीपासून स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांच्या, तोंडी होती. पण असं एकमतही फसतं. १९९३ मध्ये ओटावाने अलेक्झांडर डेग्लला पहिला उचलला, त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर ख्रिस प्राँगर गेला. डेग्लने ६१६ सामन्यांत १२९ गोल केले, प्राँगर हॉल ऑफ फेममध्ये पोचला. १९९९ मध्ये अटलांटाने पॅट्रिक स्टेफान निवडला, लगेच पुढच्या दोन क्रमांकांवर व्हँकुव्हरने दोन्ही सेडिन भाऊ घेतले, आणि त्याच ड्राफ्टमध्ये झेटरबर्ग २१०वा गेला.

नेल याकुपोव्हचं प्रकरण जास्त बोलकं आहे. एडमंटनने २०१२ मध्ये त्याला पहिला घेतला, पहिल्याच मोसमात त्याने १७ गोल केले, आणि एकूण ३५० सामन्यांत ६२ गोलांवर एनएचएलमधली कारकीर्द संपली. शॉट जोरदार होता; पक (खेळातली रबरी चकती) जवळ नसताना कुठे उभं राहायचं, हे मात्र बसलं नाही. त्यात तिथे जवळपास दर मोसमाला प्रशिक्षक बदलत होता. अशा वेळी सगळा दोष पोराच्या माथी मारणं सोपं, पण अर्धवट.

निकाल पारखताना आधी जन्मतारीख बघावी. १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण झालेली पोरंच त्या वर्षी पात्र ठरतात, त्यामुळे एकाच ड्राफ्टमध्ये जवळपास वर्षभराचं अंतर असतं. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबरचा. दोन दिवसांनी हुकला आणि २०१६ मध्ये निवडला गेला. मधलं वर्ष तो स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये प्रौढांविरुद्ध खेळला. तिथले पॉइंट (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) ज्युनिअरमधल्या, म्हणजे किशोरांच्या लीगमधल्या, तेवढ्याच पॉइंटांपेक्षा वजनदार.

मग पॉइंटांची फोड करावी. पॉवर प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेने बाहेर असतानाचे) किती, पाच विरुद्ध पाचमध्ये किती, बाजूला कोण होतं? ज्युनिअरमध्ये नुसत्या उंचीवर आणि वजनावर गोल होतात. वर आल्यावर सगळेच धिप्पाड असतात आणि ती आघाडी संपते. कच्चं स्केटिंग मात्र तिथे उघडं पडतं. दुखापतीला इलाज नाही: २०१७मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला नोलन पॅट्रिक मायग्रेन आणि डोक्याच्या दुखापतींनी थांबला, आणि चौथा कॅल मकार त्या पिढीतल्या सर्वोत्तम बचावपटूंत गणला गेला.

घाई हा संघांचा नेहमीचा दोष. पहिला करार तीन वर्षांचा असतो. १८-१९ वर्षांच्या खेळाडूने एनएचएलमध्ये दहावा सामना खेळला की त्यातलं एक वर्ष खर्ची पडतं. त्याआधी परत पाठवलं तर करार पुढे सरकतो. म्हणून नऊ सामने आजमावून ज्युनिअरला धाडणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. चौथ्या फळीवर सात-आठ मिनिटं बसवून ठेवणं हा सर्वांत वाईट.

वरच्या निवडीवरच्या भरवशाला खेळायच्या जागेनुसार गुण द्यायचे तर फॉरवर्डला पाचपैकी चार. बचावपटूला साडेतीन, आणि तेही वाट पाहायची तयारी असेल तरच. गोलरक्षकाला दीड. २००० मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनी रिक डिपिएट्रोला पहिला घेतला, २००६ मध्ये १५ वर्षांचा ६.७५ कोटी डॉलरचा करार दिला, दुखापतींनी तो खिळखिळा झाला आणि २०१३ मध्ये करार मोडून काढावा लागला. हेन्रिक लुंडक्विस्ट त्याच ड्राफ्टमध्ये २०५वा होता. पहिला निवडला जाऊन यशस्वी ठरलेला एखादा गोलरक्षक फ्लेरी निघतोही, पण त्या एकासाठी वरची निवड गोलरक्षकावर खर्चू नये.