जुना तीन तव्यांचा नांगर, सात महिने वापरून झाल्यावर

दिवाळीनंतर सेकंडहँड घेतला, 28 हजाराला. पल्टी (उलटा-पालटा होणारा फाळाचा नांगर) घ्यायचं बजेट नव्हतं आणि आमच्या पन्हाळ्याकडच्या रानात दगड असला बेकार की पल्टीचे फाळ टिकतच नाहीत. तवा म्हणजे फाळाच्या जागी लोखंडाची गोल खोलगट थाळी, ती फिरती असतीय, दगड लागला की त्याच्यावर चढून पुढं जातीय, म्हणून हा.

पहिला महिना नुसत्या शिव्या. 45 एचपीचा ट्रॅक्टर असून स्टिअरिंग सरळ राहीना, नांगराचं शेपूट सारखं न नांगरलेल्या रानात सरकतंय, मला वाटलं सांगाडाच वाकडा गळ्यात मारलाय. कोल्हापूरला उद्यमनगरात एका काकांकडं नेला तर त्यांनी तव्यांकडं बघितलंसुद्धा नाही, नांगराच्या मागच्या बारक्या चाकाला लाथ मारली आणि म्हणाले, "हे कधी फिरलंय काय रे?" बेरिंग जाम, वरनं नवाकोरा रंग! तवे माती उजवीकडं फेकतात तेवढाच जोर नांगराला डावीकडं ढकलतोय, आणि तो जोर तासाच्या (नांगरून पडलेल्या चरीच्या) भिंतीला टेकून झेलायचं काम त्या चाकाचं. बेरिंग बदललं, स्प्रिंग ताणली, दुसऱ्या दिवशी नांगर गुमान मागनं यायला लागला.

बाकी सेटिंग रानातच करायचं, दारात नाही. ट्रॅक्टरची उजवी चाकं तासात उतरवायची, मग नांगर उचलणाऱ्या उजव्या दांड्याचं हँडल फिरवून नांगर आडवा लेवलला आणायचा. पुढचा तवा खोल आणि मागचा वरवर चालला तर टॉप लिंक (नांगर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा) थोडी लांब करा. तवे 26 इंची होते म्हणे, माझे झिजून 23 वर आलेत, तरी वाफसा (बेताची ओल) असला की 8 इंच खोल आरामात. वाळलेल्या रानात मात्र वरच्यावर नाचतोय, कारण हा नांगर स्वतःच्या वजनानंच आत घुसतो, फाळासारखा ओढून घेत नाही. म्हणून आमच्याकडं त्याच्यावर माणूस बसवायची खोड आहे. नका बसवू लगा, पाय घसरला तर खाली फिरता तवा आहे. सांगाड्यावर लोखंडाचं वजन बोल्टनं आवळा.

शिवरात्रीच्या आसपास उसाचा खोडवा मोडताना स्क्रॅपरमध्ये (तव्याची माती खरवडणाऱ्या पट्टीत) पाचट अडकलं, मी नांगर हायड्रोलिकवर उचललेला ठेवून खाली वाकलो, हात आत. ट्रॅक्टर चालूच होता. पुतण्या सीटवर चढला आणि त्याचा गुडघा लिव्हरला लागला, नांगर खाली आला. पाचट नुकतंच सुटलं होतं म्हणून मी हात बाहेर काढला होता, नाहीतर तीन बोटं तरी गेली असती. आता टूलबॉक्सशेजारी बाभळीचे दोन ओंडके कायमचे बांधलेत. नांगर जमिनीवर नाहीतर ओंडक्यावर, इंजिन बंद, चावी माझ्या खिशात, मगच हात लावायचा. पुतण्याला रागवलो नाही, चूक माझी होती.

घेणाऱ्यांनी तवा वर-खाली धरून हलवून बघा, खडखड आली की बेरिंग गेलंय, तेवढे पैसे भावातनं पाडून घ्या. रंगावर जाऊ नका. माझ्या मधल्या तव्याची खडखड परत सुरू झालीय, पावसाआधी खोलायला लागणार.