हायब्रिड सायकल, नऊ महिने, ४१०० किमी आणि पुढच्या डिस्कचा तो 'शिंग… शिंग…' आवाज

सहा महिने झाले की अनुभव लिहायचा असं ठरवलं होतं, पण तेव्हा डोकं इतकं तापलेलं होतं की नुसत्या तक्रारीच झाल्या असत्या. आता नऊ महिने झालेत, मीटरवर ४१०० च्या वर किलोमीटर आहेत, आणि गेल्या महिन्यात एक गोष्ट कळली जिच्यामुळे माझं अर्धं मत बदललं, म्हणून आत्ता लिहिते.

सायकल नेहमीची हायब्रिड. अॅल्युमिनियमची फ्रेम, ७०० बाय ३८ चे टायर, दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क (तेलाच्या दाबाने लागणारा ब्रेक), रोटर म्हणजे ब्रेकची चकती १६० मिमीची, आणि चाकं क्विक रिलीजची (लिव्हरने आवळायची), थ्रू-अॅक्सल (भोकातून आरपार जाणारा चाकाचा दांडा) नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच येणार आहे. बाकी गिअर व्यवस्थित पडतात, नवीन केबल ताणली गेल्यावर बॅरल (केबल ताणायचा स्क्रू) अर्धा फेरा फिरवला तेवढंच. सीट टोचली नाही. प्लास्टिकचे पेडल बदलले. घंटी खड्ड्यात आपोआप वाजायची, तिच्या पट्टीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, गप्प झाली. व्हॉल्व्हचा नट रिमवर टिकटिक करत होता, तिथेही तोच तुकडा. असल्या बारक्या गोष्टी सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाकडे असतात आणि त्यांचा मला त्रास नाही कारण त्यांचं कारण दिसतं आणि दहा मिनिटांत काम होतं.

त्रास दिला तो आवाजाने. पुढचं चाक फिरताना रोटर ब्रेकच्या पॅडला हलकासा घासतो आणि शिंग… शिंग… शिंग… असं वाजत राहतं. ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांना मी कशाबद्दल बोलतेय ते लगेच कळलं असणार. वेगावर काही फरक पडत नाही, हे मान्य, मी चाक उचलून हाताने फिरवून बघितलं, छान फिरत राहतं. पण हिशोब करा ना, ३८ चा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो, म्हणजे २० किलोमीटरच्या राइडला चाक नऊ हजारांच्या वर वेळा फिरलं, आणि नऊ हजार वेळा तो आवाज कानात. सकाळी रस्ता शांत असतो, त्या शांततेसाठीच तर आपण लवकर उठून निघतो, आणि तिथे हे. ग्रुपमध्ये असलं की शेजारचा माणूस आधी स्वतःच्या चाकाकडे बघतो आणि मग माझ्या.

आधीच्या सायकलला व्ही-ब्रेक होते आणि त्यांनी मला कधी असं छळलं नव्हतं. ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यात एक-दोन मिलिमीटर जागा असते, चाक जरा आऊट झालं तरी चालून जातं. डिस्कला पॅड आणि रोटरमध्ये दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटरसुद्धा जागा नसते. आणि ती आपल्या हातात नसते. केबलवाल्या डिस्कला स्क्रू फिरवून पॅड मागे घेता येतो, हायड्रॉलिकला तसं काही नाही. पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनभोवती एक रबरी सील असतं, ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर थोडं वाकतं आणि सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं, बस, ते जेवढं मागे ओढेल तेवढीच जागा. पॅड झिजला की पिस्टन सीलमधून थोडा पुढे सरकतो म्हणून आपल्याला ब्रेक कधी ताणावे लागत नाहीत, ही सोय मोठी आहे. पण सोय आणि हा आवाज एकाच ठिकाणाहून येतात.

पहिला महिना अजिबात आवाज नव्हता. दुसऱ्या महिन्यात सुरू झाला. चौथ्या महिन्यात वैतागून सर्विसला नेली. तिथल्या दादांनी चाक एकदा फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, हायड्रॉलिकला एवढं चालतंच." मी म्हणलं पहिला महिना का नव्हतं मग? तर म्हणे नवीन होती. हे काय उत्तर झालं? नवीन असताना नीट होती आणि आता नाही, म्हणजे काहीतरी बदललं असणारच ना.

पंधरा दिवसांनी परत गेले. या वेळी सांगितलं ब्लीड करावं लागेल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायची), आत हवा असेल. आता आत हवा गेली की ब्रेकचा लिव्हर मऊ लागतो, दाबत दाबत हँडलपर्यंत येतो, माझा लिव्हर तर टणक होता. पण तेव्हा मला एवढं कळत नव्हतं, पैसे दिले, ब्लीड करून घेतलं. आणि आवाज गेला! आठ दिवस एकदम शांत. मी चार जणांना सांगितलं सुद्धा की डिस्क घासत असेल तर ब्लीड करून घ्या. त्या चौघांची इथेच माफी मागते, माझा सल्ला पूर्ण चुकीचा होता.

नवव्या दिवशी आवाज परत. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मात्र भांडण झालं. रोटर वाकडा आहे म्हणून पान्याने सरळ करून दिला, आणि जाताजाता चेनला ऑइल मारून देतो म्हणून स्प्रे मारला, चाकं जागेवर असताना, फवारा थेट मागच्या डिस्कवर. घरी येईपर्यंत मागचा ब्रेक किंचाळायला लागला, आणि लागतच नव्हता. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला, पॅड काढून सॅंडपेपरवर घासले, काही उपयोग नाही, रेझिनचे पॅड तेल पिऊन बसतात. नवीन पॅड घालावे लागले आणि तेही माझ्या पैशाने, कारण "आमच्याकडून गेली तेव्हा बरोबर होती." जेमतेम हजार किलोमीटर झालेले चांगले पॅड कचऱ्यात गेले याचं मला त्या आवाजापेक्षा जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून चेनला स्प्रे बंद, थेंबाथेंबाने टाकायची बाटली, दर कडीवर एक थेंब आणि वरून कोरडं फडकं. तुम्हीही कुणाला डिस्कच्या सायकलजवळ स्प्रे घेऊन येऊ देऊ नका, हात धरा सरळ.

तोपर्यंत माझं मत असं झालं होतं की रोजच्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क घेऊच नये, आणि मी ते ठासून सांगत होते.

मग गेल्या महिन्यात सहज राइडच्या नोंदी चाळत बसले होते. मला सवय आहे, प्रत्येक राइडनंतर ॲपमध्ये दोन शब्द लिहून ठेवते, "हवा कमी वाटली", "वारा समोरून" असं. पहिल्यांदा "पुढून आवाज" लिहिलंय त्याच्या आदल्या दिवशी लिहिलंय "पुढचं पंक्चर". पुढे ब्लीडनंतरच्या नवव्या दिवसाच्या आदली नोंद, "गाडीतून नेली", म्हणजे पुढचं चाक काढून. त्याच्याही पुढे, जिथे जिथे आवाज सुरू झाला किंवा वाढला तिथे तिथे आदल्या दिवशी मी पुढचं चाक काढलेलं होतं. पाच वेळा. पाचही वेळा. मी किती वेळ ती यादी बघत बसले होते सांगू शकत नाही.

म्हणजे ब्लीडने काहीच केलं नव्हतं. ब्लीड करताना त्यांनी चाक काढलं, आणि परत लावताना नीट बसवलं, म्हणून आठ दिवस शांतता.

मी चाक कसं लावत होते? एका हाताने हँडल उचलून धरायचं, दुसऱ्या हाताने चाक फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) सरकवायचं आणि तसंच अधांतरी क्विक रिलीजचा लिव्हर बंद करायचा. असं केलं की अॅक्सल (चाकाच्या मधला दांडा) फोर्कच्या खाचेत पूर्ण वर टेकतोच असं नाही, एका बाजूला केसभर खाली राहतो. केसभर म्हणजे डिस्कच्या दृष्टीने सगळी जागा संपली. त्यात फोर्कच्या टोकांना ते छोटे उंचवटे असतात, क्विक रिलीज चुकून सैल झाली तरी चाक निसटू नये म्हणून, त्यामुळे नुसता लिव्हर उघडून चाक निघत नाही, लिव्हरच्या विरुद्ध बाजूचा नट तीन-चार फेरे सोडावा लागतो. आणि परत लावताना प्रत्येक वेळी तो अंदाजाने आवळला जातो. कधी कमी, कधी जास्त. दाब बदलला की रोटरची जागा बदलते. क्विक रिलीज ही टुलिओ काम्पान्योलो यांनी १९३० च्या सुमारास आणलेली गोष्ट, तेव्हा सायकलचा ब्रेक रिमवर लागायचा, अॅक्सल केसभर इकडेतिकडे झाला तर कोणाला कळणार होतं! तोच जुना खिळा आणि त्याला आजची डिस्क. थ्रू-अॅक्सलमध्ये अॅक्सल फोर्कच्या भोकातूनच आरपार जातो म्हणून चाक दर वेळी त्याच जागी येतं, हे मला सायकल घेताना कोणी सांगितलं असतं तर मी बाकी दोन गोष्टी सोडल्या असत्या. सगळे गिअर किती ते सांगतात.

आता मी काय करते ते नीट सांगते. चाक लावताना सायकल जमिनीवर तिच्या चाकांवर उभी, लिव्हर उघडा, दोन्ही हातांनी हँडलवर वजन टाकून दाबायचं, अॅक्सल वर टेकल्याचा बारीक टक् आवाज येतो. तसंच दाबून धरून लिव्हर बंद. लिव्हर सरळ बाहेर आलेला असताना जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे आणि बंद करताना तळव्यावर वळ उमटला पाहिजे, तेवढं घट्ट. आणि नटवर नेलपॉलिशचा पांढरा ठिपका दिलाय, सोडताना फेरे मोजायचे, लावताना तेवढेच.

हे जमल्यावर एकदाच कॅलिपर (पॅड आणि पिस्टन ज्यात बसतात तो ब्रेकचा भाग) सरळ करून घेतला. दोन बोल्ट सैल, ब्रेक दाबून धरायचा, कॅलिपर आपोआप रोटरच्या मध्यावर येतो, मग बोल्ट पाव पाव फेरा आलटून पालटून. ब्रेक बनवणारी शिमानो आपल्या कॅलिपरच्या बोल्टला ६ ते ८ न्यूटन मीटर इतका आवळायचा जोर सांगते. इथे एक वैताग आहेच, शेवटचा पाव फेरा देताना बोल्ट कॅलिपरला आपल्याबरोबर फिरवतो आणि सगळी मेहनत वाया. बोल्टच्या डोक्याखाली ग्रीसचा अगदी थेंब लावला आणि दुसऱ्या हाताने कॅलिपर धरून ठेवला तेव्हा चौथ्या प्रयत्नात जमलं. ग्रीसचा हात रोटरला लावू नका फक्त. कॅलिपरच्या पलीकडे पांढरा कागद धरला की दोन्ही बाजूंची फट उजेडात स्पष्ट दिसते.

शांत. एकदम शांत. पहिल्या राइडला मला टायरचा आवाज ऐकू येत होता.

वरचं सगळं लिहून झाल्यावर पंधरा दिवस तसंच राहिलं आणि मधे पावसात तीन राइड झाल्या, त्यामुळे थोडं बदलायला हवं. आवाज परत आला, पण वेगळा. आधीचा फेऱ्याला एकदा यायचा, हा सलग, सर्ररर. आता मला फरक कळतो, फेऱ्याला एकदा म्हणजे रोटरची एक जागा लागतेय, सलग म्हणजे पॅड किंवा कॅलिपर एका बाजूला आलाय. कागद धरून बघितलं तर डावीकडे फटच नव्हती. चिखलाने एक पिस्टन आळशी झाला होता, मागे जात नव्हता. पॅड काढून, पिस्टन जरासा बाहेर आणून, कानात घालायच्या कापसाच्या काडीने त्याच्या कडेला ब्रेकचंच तेल लावलं, प्लास्टिकच्या पट्टीने आत ढकलला, तीन-चार वेळा केलं, सुटला. तेल मात्र आपल्या ब्रेकचंच पाहिजे, शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच मॉडेलना डॉट (DOT) ब्रेक फ्लुइड, एकाचं दुसऱ्यात गेलं तर सील खराब होतात. आणि चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही, पॅडच्या मध्ये पट्टी अडकवून ठेवायची.

पण त्याच तीन राइडमध्ये हेही दिसलं की ओल्या उतारावर माझा ब्रेक एका बोटाने लागत होता. व्ही-ब्रेकला पावसात आधी रिमवरचं पाणी पुसलं जायचं, मग ब्रेक लागायचा, आणि तो मधला सेकंद मला चांगला आठवतो. वर ब्रेकच्या रबरात जाऊन बसलेली वाळू रिमच झिजवायची. इथे झिजतो तो रोटर, नवीन १.८ मिलिमीटर, शिमानोच्या हिशोबाने १.५ ला बदलायचा, माझा ४१०० किलोमीटरनंतर १.७ आहे. म्हणून "हायड्रॉलिक घेऊच नका" हे मी मागे घेते. हायड्रॉलिक घ्या, थ्रू-अॅक्सल परवडत असेल तर त्याच्यासह घ्या, आणि क्विक रिलीज असेल तर सर्विसला पैसे द्यायच्या आधी चाक सोडून, वजन टाकून, परत बसवून बघा. फुकटचं काम आहे.

सर्विसवाल्यांवरचा राग मात्र कमी झालेला नाही. तीन वेळा गेले, एकानेही विचारलं नाही की ताई, चाक कधी काढलं होतं का.

लांब उताराच्या शेवटी अजूनही दोन-तीन मिनिटं हलकं शिंग होतं, रोटर तापून जरा वाकतो, गार झाला की जातं, त्याला मी हात लावत नाही. मागच्या चाकाच्या नटलाही काल पांढरा ठिपका दिला.