टायरला ‘ऊनरोधक कोटिंग’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

निवृत्तीनंतर मी आणि माझ्या यजमानांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. वर्षाकाठी तीन-चार सहली होतात. बाकीचे दिवस गाडी पुण्यात धायरीजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर भाड्यानं उभी असते. सावलीला एक झाड नाही. दुपारनंतरचं सगळं ऊन डाव्या बाजूच्या टायरांवर येतं.

मार्च २०२४ मध्ये मी गाडी झाडत होते, तेव्हा एक तरुण स्कूटरवरून आला. नाव छापलेला टी-शर्ट, हातात कॅटलॉग, बोलणं अगदी अदबीचं. ‘काकू, टायर उलायला लागलेत. कोटिंग मारलं की या रेघा भरून येतील आणि ऊन आत शिरणारच नाही. पाच वर्षांची गॅरंटी.’ त्यानं एका टायरला काळं द्रावण फासलं, दहा मिनिटांनी त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. अळूच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब ओघळले. रेघा खरंच दिसेनाशा झाल्या होत्या. मला पटलं. सहा टायर आणि स्टेपनी, प्रत्येकी १,८०० रुपये, म्हणजे १२,६०० रुपये मी तिथंच यूपीआयनं दिले.

पाणी ओघळलं म्हणजे ऊन अडलं असं नसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दिवाळीनंतर ताम्हिणीतून कोकणात उतरायचं ठरलं. निघण्याआधी हवा तपासायला वडगावच्या आमच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेलो. व्हॉल्व्हभोवतीची धूळ पुसताना त्यांच्या फडक्याला काळं लागलं. त्यांनी साबणाचं पाणी आणून डावीकडचा मागचा टायर घासला. काळा थर निघाला आणि खाली रिमला समांतर भेगा दिसल्या, एकीत माझं नख सहज गेलं. मग त्यांनी टायरवरचे चार आकडे वाचायला सांगितले: २३१६. म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. ‘ताई, हे टायर घेऊन घाट उतरणार होतात?’ ते म्हणाले. सोबत सून आणि नातू येणार होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या मुलाचा फोन बंद. गॅरंटी कार्डावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात गेलेले. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन केला, तर त्यांनी बिल विचारलं. माझ्याकडे बिलच नव्हतं. पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून मोठा राग याचा आहे की टायर बाद झालेत हे त्याला समोर दिसत होतं आणि त्यानं तेच झाकलं.

मामांनी समजावलं ते असं. टायरच्या रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड असते, ती उन्हापासून थोडंफार राखते. शिवाय त्यात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. गाडी धावताना टायर दबतो-सुटतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येतात आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला वाचवतात. उभ्या गाडीत हे फारसं घडत नाही. त्यात पेट्रोलियमवर आधारित पॉलिश फासलं, तर आहे ते मेणही धुऊन जातं. रबराला एकदा पडलेली भेग कशानंही भरून येत नाही.

आता नवे टायर घेतले, तेही दुकानात तारीख वाचूनच. पूर्ण तारीख बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे बसवण्याआधीच पाहिली. एकदा ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकावं लागतं. बोहरी आळीतून जाड पांढरं कापड आणून चाकांना टोप्या शिवून घेतल्या. निळी ताडपत्री आधी वापरून पाहिली होती, एका उन्हाळ्यात तिच्या चिंध्या झाल्या. चाकांखाली टायरच्या रुंदीपेक्षा मोठ्या लाकडी फळ्या, हवा कंपनीनं सांगितलेल्या दाबाइतकी, आणि महिन्यातून एकदा यजमान सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारून येतात. नवे टायर सोडले, तर या सगळ्याला त्या कोटिंगच्या निम्मेही पैसे लागले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याच प्लॉटवर एका स्कूलबसचे टायर तसेच चकाकताना दिसले. मी ड्रायव्हरदादांना थांबवलं आणि ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्याच टायरला ते काळं झालं. त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला.