सेंटिनेल-२ आणि जीएम पिके: शेत दिसते, बियाणे दिसत नाही

जनुकीय सुधारित अर्थात जीएम पिके आल्यावर एखाद्या प्रदेशातील शेतीचे रूप कसे बदलले, हे पाहण्यासाठी गेले काही हंगाम मी युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातील सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा वापरत आहे. सेवा मोफत आहे, नोंदणी सोपी आहे आणि उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपते. मात्र उपग्रहाला बियाणे दिसत नाही. बीटी जनुक (बोंडअळीला रोखणारे) असलेली कपाशी आणि नसलेली कपाशी प्रतिमेत कपाशीच दिसते. त्यामुळे कोणत्या शेतात कोणते वाण पेरले, ही नोंद जमिनीवरूनच आणावी लागते.

ती नोंद हाती असेल, तर ही सेवा सर्वाधिक उपयोगी पडते ती तणनाशक सहन करणाऱ्या पिकांच्या बाबतीत. अशा पिकात तणासाठी नांगरट करण्याची गरज कमी होते, म्हणून मागील पिकाची धसकटे व पालापाचोळा जमिनीवरच राहतो आणि हे अवशेष लघुतरंग अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) प्रकाशाच्या पट्ट्यांत उघड्या मातीपासून वेगळे ओळखता येतात. सेंटिनेल-२ च्या १३ पट्ट्यांपैकी ११ व १२ क्रमांकाच्या पट्ट्यांवरून मशागतीचा निर्देशांक, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतील फरक दाखवणारा आकडा, काढला, की न नांगरलेली शेते उजळ आणि नांगरलेली गडद उमटतात. यासाठी प्रतिमा उगवणीपूर्वीचीच घ्यावी, कारण हिरवे पीक दिसू लागले की निर्देशांक फसवतो. ओली मातीही फसवते.

लहान शेतांचे मात्र हाल होतात. या दोन पट्ट्यांत प्रतिमेचा एक ठिपका (पिक्सेल) २० मीटर बाजूचा असल्याने एक हेक्टरच्या चौकोनी शेतात जास्तीत जास्त २५ पिक्सेल बसतात आणि बांधालगतची एक रांग सोडली, की खात्रीचे ९ उरतात. ढगांचे प्रमाण दाखवणारा आकडाही जपून वाचावा: तो सुमारे ११० किलोमीटर बाजूच्या, ज्यात प्रतिमा मिळते त्या संपूर्ण चौकोनी तुकड्याचा असतो. दहा टक्के ढग पाहून मी खुशीत उतरवून घेतलेल्या एका प्रतिमेत ते नेमके माझ्याच शेतांवर होते.

खरी उणीव वयाची आहे. जीएम पिकांची मोठ्या प्रमाणावरील लागवड १९९६ मध्ये सुरू झाली आणि पहिला सेंटिनेल-२ अवकाशात गेला तो जून २०१५ मध्ये. म्हणजे जेथे ही पिके आधीच रुळली, तेथील 'पूर्वीची' स्थिती या सेवेत नाहीच. त्यासाठी १९८२ पासूनच्या, ३० मीटरच्या पिक्सेलच्या, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमांकडे वळावे लागते. त्याही मोफत आहेत आणि त्यांत लघुतरंग अवरक्तचे दोन्ही पट्टे मिळतात. एवढे करूनही लागवडीखालील क्षेत्र वाढलेले दिसले, तर ते वाणामुळे की बाजारभावामुळे, हे प्रतिमा सांगत नाही. त्यासाठी जीएम न स्वीकारलेला, तशाच माती-पावसाचा शेजारचा प्रदेश तुलनेला ठेवावा लागतो, आणि असा प्रदेश शोधण्यातच माझा सर्वाधिक वेळ जातो.