स्वयंप्रभा चॅनल: दोन महिने वापरून

आमच्या गावात मोबाईलची रेंज पाहिजे असंन तर पाण्याच्या टाकीवर चढा लागते. बहीण बीएस्सी सेकंड इयरला, कॉलेज तालुक्याला, सकाळची एसटी चुकली का त्या दिवसाचं लेक्चर गेलंच समजा. यूट्यूबवर पाहतो म्हटलं तर नुसतं गोल चक्र फिरत राहते. तिच्या कॉलेजातल्या सरांनी स्वयंप्रभा लावा म्हणून सांगितलं, दोन महिने झाले लावून, म्हणून लिहून राहिलो.

हे सरकारचे शिक्षणाचे टीव्ही चॅनल होत, 2017 मध्ये 32 चॅनलनं सुरू झाले, जीसॅट-15 उपग्रहावरून येतात, म्हणजे नेट नको अन् महिन्याचा रिचार्जबी नको. दूरदर्शनच्या फ्री डिशचीच छत्री चालते. पण बाप्पा, डब्बा (सेट-टॉप बॉक्स) एमपेग-4 वाला, म्हणजे नवीन पद्धतीचं सिग्नल समजणारा पाहिजे, हे दुकानदारानं सांगितलंच नाही, जुन्याच डब्ब्यावर तीनदा ट्युनिंग केलं अन् मग म्हणते तुमची छत्रीच खराब. छत्रीले काही झालं नव्हतं, डब्बा बदलल्याबरोबर चॅनल आले.

मले सगळ्यात आवडलं ते रिपीट. रोज निदान 4 तास नवीन येते अन् तेच दिवसातून आणखी 5 वेळा दाखवतात. दुपारी लाईन गेली, नाहीतर पोरगी कापूस वेचायला गेली, तरी रात्री तेच लेक्चर सापडते. ज्यानं हे ठरवलं त्याले खेड्यातली लाईन माहीत असंन! फक्त आठ ते दहा टीव्ही आईच्या सिरीयलचा, तिथं कोणाचंच चालत नाही.

लेक्चर जास्त करून इंग्लिशमध्ये अन् टीव्हीवरचे सर काही आपल्यासाठी थांबत नाहीत. बहीण मोबाईलनं स्क्रीनचे फोटो काढून ठेवते, अडलेलं दुसऱ्या दिवशी कॉलेजात विचारते. पाऊस जोरात आला का चित्र फुटते, ते वेगळंच.

अन् एक घोळ सगळेच करतात, आम्हीबी केला. नुसतं टीव्ही पाहून सर्टिफिकेट भेटत नाही. ते पाहिजे तर स्वयम पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाईन कोर्सच्या वेबसाईटवर, नाव नोंदवा लागते, शिकणं फुकट पण परीक्षेची फी आहे, युनिव्हर्सिटी क्रेडिट धरत असंन तर डिग्रीत कामी येते. म्हणजे रेंज लागतेच, पण रोज नाही. आमची टाकीवर चढून फॉर्म भरून आली.

5 पैकी 4 स्टार, एक इंग्लिशपायी कापला. डब्बा घ्याल तर दुकानातच टीव्हीले लावा, चॅनल दिसले तरच पैसे द्या.