मयतीच्या खर्चाची योजना : सात-आठ महिने हप्ते भरल्यानंतर

गाडी आणि विजेवर थंड राहणारी शवपेटी सांगितल्या वेळेला आली, त्याचे दोन तारे. बाकीचे तीन पावतीमुळे कापले.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून आडबाजूला. महिना दीडशे भरा, मयतीचं सारं आम्ही पाहतो, असं सांगत एजंट बाजाराच्या दिवशी यायचा. मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नावानं योजना घेतली. ऐन कापूस वेचणीत मामाजी गेले.

दीर पुण्याहून यायचे होते म्हणून रात्र काढायची होती. पेटी आली, पण अकराला लाइन गेली आणि पेटीसोबत इन्व्हर्टर नव्हता. शेवटी मंडपवाल्याचं जनरेटर झोपेतून उठवून मागितलं. योजनेची स्टीलची तिरडी आमच्या बोळीत वळेना. पोरांनी बांबू तोडून नेहमीसारखी तिरडी बांधली. सरणाची लाकडं योजनेत नाहीत, हे मोक्षधामात कळलं. तेरवीचा मंडपही नाही, तो म्हणे वरच्या योजनेत.

हे सगळं एकवेळ सोसलं असतं. पण पावती पाहा: 'सदस्यता शुल्क'. ना पॉलिसी नंबर, ना विमा कंपनीचं नाव. एजंटला विचारलं तर, "ताई, इमाच हाय थो, नाव फकत येगळं हाय." विमा असता तर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या 155255 वर तक्रार करता आली असती, पुढे विमा लोकपाल होता. अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा 2019 चा कायदा आहे, पण सेवेसाठी घेतलेला अॅडव्हान्स सहसा त्यात ठेव धरला जात नाही. म्हणजे उद्या ऑफिसला कुलूप लागलं तर आमच्यासारख्यांनी ग्राहक आयोगाच्या पायऱ्या झिजवायच्या.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं होतं. तिथे असे प्लॅन विकणारी सेफ हँड्स ही कंपनी 2022 च्या मार्चमध्ये बुडाली, हजारो म्हाताऱ्यांचे पैसे अडकले. त्याच वर्षी 29 जुलैपासून हा धंदा तिथल्या वित्तीय नियामकाच्या, एफसीएच्या, हाताखाली आला. परवान्याशिवाय विक्री बंद, अचानक फोन करून गळ घालणं बंद, मध्यस्थाला कमिशन बंद. आपल्याकडे यातलं कमिशन बंद झालं तरी निम्मे एजंट बाजारातून दिसेनासे होतील.

स्वस्त सरकारी विमा का नाही घेतला, असं कुणी विचारेल. जीवनज्योती वर्षाला 436 रुपयांत दोन लाख देते, पण पन्नाशीनंतर त्यात नाव घालता येत नाही. वीस रुपयांची सुरक्षा योजना सत्तरीपर्यंत चालते, तीही फक्त अपघाताला. म्हातारपणानं जाणाऱ्या माणसासाठी परवडणारं काहीच नाही, म्हणून तर हे लोक गावोगाव फिरतात.

सासूबाईंचे हप्ते थांबवले. त्यांच्या नावानं पोस्टात आरडी काढली, वारस म्हणून दिरांचं नाव टाकलं. एजंट म्हणतो, भरलेले परत मिळत नाहीत. नियम कुठे लिहिलाय ते दाखव म्हटलं, तर पुढच्या बाजाराला आणतो म्हणाला.